ज्याचा त्याचा झेड

तालुक्याच्या ठिकाणच्या कुठल्याही कार्यालयात कामाच्या दिवशी एक वाक्य हमखास कानावर पडतं: "साहेब, झेडमध्ये टाकलंय, बघून घ्या." साहेब आपल्या टेबलावर झेड उघडतात. तिथं गेल्या निवडणुकीच्या मतदान केंद्रांच्या याद्या असतात, नाहीतर झेड नावाचं काही नसतंच. "काहीच नाही इथं." "हाय की साहेब, आत्ताच टाकली." मग टाकणारा उठून साहेबांच्या खुर्चीमागं येतो, साहेब उठून त्याच्या टेबलाकडं जातात, आणि आपण खरं बोलत होतो याची दोघांनाही खात्री पटल्यामुळं वाद आणखी चिघळतो. खोटं बोलणारा सापडला की भांडण मिटतं. इथं तो सापडतच नाही. फाइल झेडमध्ये आहे आणि झेडमध्ये नाही, ही दोन्ही विधानं त्याच खोलीत, त्याच मिनिटाला खरी असतात. कारण झेड ही जागाच नव्हे. एका माणसानं एका जागेला दिलेलं ते नाव आहे, आणि ज्यानं दिलं त्यालाच ते दिसतं. दुसऱ्याच्या झेडचा पत्ता वेगळा असू शकतो, तिसऱ्याला झेडच नसू शकतो. याला लोक कॉम्प्युटरचा खोडसाळपणा म्हणतात. म्हणोत बापडे, पण नांदेड जिल्ह्यातल्या बिलोलीसारख्या गावानं तरी म्हणू नये. जे विंडोजला 2001 साली जमलं, ते बिलोली तालुक्यातल्या घराघरांत त्याच्या कितीतरी आधीपासून चालत आलेलं आहे.

आधी या अक्षरांचं कूळ पाहू. कॉम्प्युटरच्या पहिल्या डिस्कला 'सी' का म्हणतात, ए आणि बी कुठं गेले, हा प्रश्न एमएस-सीआयटीच्या वर्गात निघतोच, आणि शिकवणारे सर तो बहुधा परीक्षेत येत नाही म्हणून बाजूला सारतात. ए आणि बी फ्लॉपीच्या होत्या. गॅरी किल्डॉल यांनी 1974 मध्ये सीपी/एम नावाची प्रणाली लिहिली, तिच्यातली ही अक्षरं 1981 मध्ये डॉसनं उचलली, आणि 1983 मध्ये आयबीएमच्या पीसी एक्सटीबरोबर हार्ड डिस्क आली तोवर पहिल्या दोन जागा भरलेल्या होत्या. पुढं फ्लॉपी गेल्या, पण त्यांची वहिवाट कोणी मोडली नाही. त्याहून मजेची गोष्ट अशी की स्वस्तातल्या पीसीला फ्लॉपी घालायची फट एकच असे आणि डॉस त्याच एका फटीला आळीपाळीनं ए आणि बी म्हणत असे. बीमधली फाइल मागितली की पडद्यावर सूचना येई, आता बी ड्राइव्हची फ्लॉपी घाला. माणूस पहिली फ्लॉपी काढून त्याच फटीत दुसरी घाले आणि डॉस समाधानानं मान्य करी की हा आता बी झाला. अक्षराचा आणि वस्तूचा संबंध जन्मजात नसतो, तो कोणीतरी लावलेला असतो, हे तेव्हाच उघड झालं होतं. आपलं लक्ष नव्हतं.

त्याच्याही आधीची साक्ष काढायची तर आयबीएमच्या मोठ्या यंत्रांकडं जावं लागतं. 1972 मध्ये आलेल्या व्हीएम/370 वर सीएमएस नावाची जी प्रणाली चाले, तिथंही डिस्कांना अक्षरं होती, आणि तिथल्या प्रत्येक माणसाची 'ए' डिस्क त्याची स्वतःची असे. यंत्र एक, माणसं पुष्कळ, आणि 'ए' म्हटलं की प्रत्येकाला आपापलं कपाट उघडून मिळे. म्हणजे ज्याचं अक्षर त्याला, हा नियम नवा नाही. तो मधल्या काळात सुटला होता. सुटला तो पर्सनल कॉम्प्युटरमुळं. एक माणूस आणि एक यंत्र असा संसार असला की नावांची वाटणी करायची गरजच काय? पण 'पर्सनल' हे विशेषण अमेरिकेत ठीक. आपल्याकडं सरकारी कार्यालयात, बँकेत, शाळेत आणि पतसंस्थेत तो कॉम्प्युटर आला आणि एकेका पर्सनलवर चौघं-चौघं बसू लागली. एकाची बदली झाली की दुसरा, दुसरा ट्रेनिंगला गेला की तिसरा, आणि दुपारी चहाच्या वेळेला ज्याचा डेटा भरायचा राहिला असेल तो.

विंडोज एनटी आणि विंडोज 2000 च्या काळात अशा यंत्रावर साधारणपणे कोणीही नेटवर्कवरच्या फोल्डरला झेड म्हटलं की ते अक्षर सगळ्या यंत्रापुरतं खर्ची पडे. मागच्या दारानं चालणारे प्रोग्रॅमही त्याच पाटीवरची नावं वाचत. मग 25 ऑक्टोबर 2001 ला विंडोज एक्सपी बाजारात आलं. (महाराष्ट्राला गावोगाव कॉम्प्युटर शिकवणारं एमकेसीएलही त्याच वर्षी स्थापन झालं, योगायोग म्हणून सोडून देऊ.) एक्सपीत एका यंत्रावर दोघं-तिघं एकाच वेळी लॉगिन करून ठेवू शकत, एकाचं काम न मिटवता दुसऱ्याला बसता येई. तेव्हा नावांची सरमिसळ टाळण्यासाठी प्रत्येक लॉगिनला नावांची स्वतंत्र वही देण्यात आली. मी झेड म्हटलं की आधी माझ्या वहीत पाहायचं. तिथं नसेल तर सगळ्यांच्या सामाईक वहीत पाहायचं. सी, डी, प्रिंटरचं पोर्ट वगैरे सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी सामाईक वहीत, आणि ज्यानं त्यानं लावलेली नावं ज्याच्या त्याच्या वहीत. शोध कुठून सुरू करायचा त्या जागेला विंडोजच्या पोटात जे नाव आहे, ते म्हणजे दोन प्रश्नचिन्हं: '??'. ही थट्टा नव्हे. ज्या जागी प्रत्येक नावाचा उलगडा व्हायचा, त्या जागेचंच नाव दोन प्रश्नचिन्हं ठेवणाऱ्या अभियंत्याला शासनाच्या कुठल्याही आस्थापना विभागात ताबडतोब नोकरी मिळाली असती.

आता बिलोलीकडं येऊ. इथल्या कुठल्याही शेतकरी घरात शेताला गट नंबरानं हाक मारत नाहीत. "आज विहिरीच्या वावरात सोयाबीन काढायचं, उद्या आंब्याच्या वावरात", असं ठरतं. हे 'विहिरीचं वावर' गावात किती? जितक्या घरांना विहिरीजवळ जमीन आहे तितकी. प्रत्येक घराचं वेगळं, आणि प्रत्येक घरात ते नाव उच्चारलं की कोणी "कोणतं?" असं विचारत नाही. सालगड्याला कळतं, सुनेला कळतं, बैलांनाही कळतं. शेजारच्या घरात त्याच क्षणी कोणीतरी "विहिरीच्या वावरात चाललो" म्हणून बाहेर पडतो आणि भलत्याच दिशेला जातो, तरी दोघांची टक्कर होत नाही. घरात न सापडणारी नावं मग गावाच्या वहीत पाहायची: गायरान, पांदण, मसणवटा, देवस्थानची इनाम जमीन. ही कोणाच्या घरची नव्हेत, सगळ्यांना सारखीच दिसतात. आधी घरचं, मग गावचं. एक्सपीनं लावलेला क्रम हाच. आणि शेतातला आंबा पंचवीस वर्षांपूर्वी वाळून तोडला गेला तरी 'आंब्याचं वावर' कायम राहतं, जसा सर्व्हर भंगारात गेला तरी लाल फुली लावलेला झेड 'धिस पीसी'मध्ये वर्षानुवर्षं दिसत राहतो. उलटही होतं: लाल फुली दिसते म्हणून घाबरत घाबरत टिचकी मारावी, तर ड्राइव्ह निमूटपणे उघडतो. ती फुली फक्त एवढंच सांगत असते की लॉगिनच्या वेळी सर्व्हर भेटला नव्हता. नंतर भेटला तरी फुली पुसायला कोणी मोकळं नसतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिस्तप्रिय मंडळींचा. ते म्हणतात, हा गोंधळ हवाच कशाला? वरून एक परिपत्रक काढा, झेड म्हणजे अमुक सर्व्हरवरचं अमुक फोल्डर, सगळ्यांना सारखं, संपलं. हे करता येतं, मोठ्या कंपन्यांत करतातही. लॉगिन होताच वरून ठरवून दिलेली अक्षरं आपोआप लागतात. पण अक्षरं 26. त्यांतली ए आणि बी अजून फ्लॉपीच्या आठवणीत बसून, सी विंडोजची, डी आपली (डी ही वेगळी डिस्क आहे अशी जनतेची गाढ श्रद्धा आहे, बहुतेक वेळा ती एकाच डिस्कची वाटणी असते). पेनड्राइव्ह पुढून येतो आणि ई, एफ, जी धरतो. नेटवर्कचं अक्षर विंडोज मागून सुचवतं, झेडपासून उलटं. दोन्ही बाजूंनी वस्ती वाढत जाते. कधीतरी पेनड्राइव्ह नेमका त्या अक्षरावर जाऊन बसतो जे सर्व्हरसाठी ठेवलं होतं, मग पेनड्राइव्ह लावला तरी दिसतच नाही अशी तक्रार येते आणि पेनड्राइव्हला हात न लावता, नुसतं अक्षर बदलून ती दुरुस्तही होते. एकाच्या सोयीचं नाव सगळ्यांवर लादलं की एकाची खटपट सगळ्यांची अडचण होते, हा अनुभव विंडोज 2000 नं घेऊन झालेला आहे. गावातल्या सगळ्या घरांनी 'विहिरीचं वावर' म्हणजे एकच ठरलेलं वावर म्हणायचं, असा ठराव ग्रामसभेत आला तर काय होईल? ठराव मंजूर होईल. पाळणार कोणीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. नावच गोंधळ घालत असेल, तर नावं बंद करा आणि पूर्ण पत्ता वापरा. पूर्ण पत्ता दोन्हीकडं आहे. महसूल खात्यात तो असा असतो: मौजे अमुक, तालुका बिलोली, जिल्हा नांदेड, गट नंबर अमुक. गट नंबर 112 पुष्कळ गावांत असतो, म्हणून मौजे, तालुका, जिल्हा लावल्याशिवाय त्याला अर्थ नाही. नेटवर्कवर तो दोन उलट्या तिरप्या रेषांनी सुरू होतो, मग सर्व्हरचं नाव, मग फोल्डर, त्याच्या आतलं फोल्डर. दोन्ही पत्ते कोणीही, कुठूनही वाचले तरी एकाच जागी नेतात. त्याहून पक्कंही आहे: विंडोज प्रत्येक डिस्कभागाला एक लांबलचक खूण देतं, 32 आकडे-अक्षरांची, जी जगात दुसऱ्या कशाला मिळू नये असा हिशोब असतो, आणि सातबाऱ्यावरही आता गटाला असाच एक लांब क्रमांक छापून येतो. पण ती खूण तोंडानं उच्चारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. "उद्या ते 32 आकड्यांचं वावर नांगरायचं" असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणालं तरी नांगरणी होणार नाही. नाव तोंडासाठी असतं, त्याला छोटं असण्याखेरीज दुसरा गुण लागत नाही.

मात्र कागदावर नाव चालत नाही, आणि इथंच साऱ्या भांडणाचं मूळ आहे. 1908 चा नोंदणी कायदा जमिनीच्या दस्तात मिळकत ओळखता येईल इतकं वर्णन मागतो. म्हणून खरेदीखतात गट नंबर येतो, क्षेत्र येतं, आणि शिवाय चतुःसीमा येतात: पूर्वेस अमक्याची जमीन, पश्चिमेस ओढा. विहिरीचं वावर विकलं, असं खरेदीखत कोणी लिहून आणलं तर दुय्यम निबंधक ते हसून परत देतील. पण "माहिती झेडमध्ये जोडली आहे, अवलोकन व्हावे" असं पत्र एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर, तिथून नांदेडला जातं आणि कोणीही हसत नाही. तुमच्या घरातलं वावराचं नाव तुम्ही परगावच्या पाहुण्याला पत्ता म्हणून दिलं, तो भलतीकडं पोचला, आणि वर तुम्हीच पाहुण्याला नावं ठेवली, असा हा प्रकार आहे. एक्सेलच्या तक्त्यांत तर हे आपोआप होतं. एका तक्त्यातून दुसऱ्या तक्त्याला दिलेली जोडणी झेडनं सुरू होणारी असेल, तर तो तक्ता दुसऱ्याच्या टेबलावर उघडताच "जोडणी सापडत नाही" म्हणून हटून बसतो. मग कोणीतरी 'चालू ठेवा' दाबतं, आणि जुनेच आकडे नव्या तारखेनं वर जातात. विकासाचा वेग काही महिने अगदी स्थिर असल्याचं त्यातून दिसतं.

नाव जागेवरच राहतं आणि पत्ता खालून सरकतो, याचा बिलोलीइतका सराव फार थोड्या तालुक्यांना असेल. मांजरा नदी ओलांडली की बोधन. 1956 पर्यंत बिलोली आणि बोधन दोन्ही हैदराबाद राज्यात होते. त्या वर्षीच्या 1 नोव्हेंबरला राज्यांची फेरमांडणी झाली, बिलोली द्वैभाषिक मुंबई राज्यात गेली, बोधन आंध्र प्रदेशात. 1960 मध्ये इकडं महाराष्ट्र झाला, 2 जून 2014 ला तिकडं तेलंगणा झालं. नदी होती तिथंच आहे, आणि अलीकडच्या काठावरचे जुने लोक अजून "आंध्रात सोयरीक केली" असंच म्हणतात; ऐकणाऱ्यालाही बोधनच समजतं. 1999 च्या सुमारास धर्माबाद आणि नायगाव हे तालुके वेगळे झाले. त्याआधीच्या कागदांवर तिकडच्या गावांपुढं 'तालुका बिलोली' आहे, आत्ताच्या कागदांवर नाही, आणि वारसा लावायला आलेला माणूस दोन्ही कागद हातात धरून विचारतो, आमचं गाव बिलोलीतलं का नाही? आहे आणि नाही. तो झेडवाला वाद इथं पन्नास-साठ वर्षांच्या अंतरानं होतो, एवढाच फरक. आणि तलाठ्याला सरकार आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतं. पाटी बदलली; हाक जुनीच राहिली, कारण हाक पाटीवर अवलंबून नसते.

पण सगळ्यात नाजूक प्रश्न एकाच माणसाच्या दोन रूपांचा आहे. 2007 मध्ये विंडोज व्हिस्टा सर्वसामान्यांच्या हाती आलं आणि त्यात अशी व्यवस्था आली की प्रशासकाचे अधिकार असलेला माणूसही रोजच्या कामात साध्या अधिकारानं वावरेल. मोठं काम करायचं तर पडदा काळवंडून परवानगी विचारली जाईल आणि 'होय' म्हटल्यावर तोच माणूस अधिकाराच्या रूपात प्रकट होईल. ही दोन रूपं विंडोजच्या लेखी दोन वेगळी लॉगिन आहेत. दोन लॉगिन, म्हणून दोन वह्या. सकाळी झेड लावला, त्यात सॉफ्टवेअरची फाइल ठेवली, ती 'प्रशासक म्हणून चालवा' असं उजव्या टिचकीनं सांगितलं, आणि प्रशासक झालेला तोच मनुष्य विचारू लागला: झेड? कोणता झेड? जगभरच्या तंत्रज्ञांनी यावर कपाळाला हात लावला. मायक्रोसॉफ्टलाही ही तक्रार टाळता आली नाही. रजिस्ट्रीत एक नोंद ठेवली आहे, ती 1 केली की दोन्ही रूपांत नावं आपोआप जोडली जातात. तरीही मुळातला नियम मला योग्य वाटतो. गावात ज्याची स्वतःची जमीन आहे असा तलाठी घरी 'विहिरीचं वावर' म्हणतो आणि त्याला म्हणायचा पूर्ण हक्क आहे; फेरफार लिहायला बसला की त्यानं ते नाव विसरलंच पाहिजे. खुर्चीवर बसलेल्या माणसाला घरची नावं आठवू लागली, तर दुसऱ्याची जमीन कधी सुखरूप राहील?

ही भीती निव्वळ तात्त्विक नाही. खासगी वहीत कोणीही काहीही लिहू शकतो, हाच तिचा धोका. समजा एखाद्यानं आपल्या वहीत लिहिलं की सी म्हणजे माझं हे फोल्डर, आणि मोठ्या अधिकाराचा एखादा प्रोग्रॅम त्याच्या वतीनं काम करताना सामाईक वही सोडून त्याची वही वाचत बसला, तर त्याला खोट्या सीमधली फाइल खरी म्हणून गळी उतरवता येते. सुरक्षा संशोधकांनी विंडोजमध्ये अगदी हीच फट दाखवून दिली आणि मायक्रोसॉफ्टला ती बुजवावी लागली. आक्षेप घेणारे म्हणतील, पाहा, खासगी वह्याच नकोत. मी उलट म्हणेन. चूक खासगी वही असण्यात नव्हती, ती भलत्याच माणसानं वाचण्यात होती. शेतकऱ्यानं घरात गायरानाला 'आमचं खालचं वावर' म्हटलं तर कोणाचं काही बिघडत नाही, आणि कोण म्हणत नाही? मोजणीदारानं ते ऐकून त्याप्रमाणं खांब रोवला तर बिघडतं.

रात्रीच्या कामांची कथा याच जातीची, पण थोडी करुण. कार्यालयात कोणी दूरदृष्टीचा माणूस असतो. तो ठरवतो की रोज रात्री महत्त्वाच्या फाइलींची प्रत सर्व्हरवर आपोआप जावी. तो एक छोटी आज्ञावली लिहितो: डीमधलं सगळं झेडमध्ये न्या. दिवसा स्वतः चालवून पाहतो, चालते. मग ती रात्री एक वाजता चालवायला लावून देतो, 'कोणी लॉगिन नसलं तरी चालवा' अशी खूण करतो आणि समाधानानं घरी जातो. रात्री एक वाजता यंत्र ते काम हाती घेतं खरं, पण दुसऱ्याच लॉगिनमध्ये. त्या लॉगिनच्या वहीत झेड नाही. "सांगितलेला मार्ग सापडत नाही", असं एका नोंदवहीत लिहून ते काम रोज इमानदारीनं संपतं. ती नोंद कोणी वाचत नाही. डिस्क जाते त्या दिवशी सगळे वाचतात. इथं उपाय एका ओळीचा आहे: झेड काढून पूर्ण पत्ता लिहायचा आणि त्या खात्याला तिथं लिहिण्याची परवानगी द्यायची. हा उपाय माहीत नसलेला तंत्रज्ञ क्वचित सापडतो आणि अंमलात आणणारा त्याहून क्वचित, कारण दिवसा तर चालत होतं.

प्रिंटरचं प्रकरण त्या मानानं हलकंफुलकं. नेहमीचा प्रिंटर कोणता, हेही प्रत्येकाचं वेगवेगळं असतं. त्यात नोव्हेंबर 2015 च्या सुधारणेपासून विंडोज 10 नं एक मदतीचा हात पुढं केला: शेवटचा ज्या प्रिंटरवर छापलं, तोच नेहमीचा समजायचा. त्यामुळं एकदा कोणी आत जाऊन साहेबांच्या दालनातल्या प्रिंटरवर एक कागद काढला, की त्याचे पुढचे सगळे कागद साहेबांच्या दालनातच निघू लागतात, रजेचे अर्जसुद्धा. याबाबत मात्र माझं मत आक्षेपकांच्या बाजूनं आहे. ज्याचं नाव त्यानं लावावं, हे तत्त्व ठीक. पण यंत्रानं परस्पर लावलेलं नाव 'ज्याचं त्याचं' म्हणायचं कसं? ती सोय सेटिंग्जमध्ये एका खुणेनं बंद होते, आणि बंद करावीच.

ज्यांना वाटतं हा सगळा कॉम्प्युटरचा कारभार आहे आणि आपला संबंध फक्त मोबाइलशी, त्यांनी आपला फोन एकदा उघडून पाहावा. अँड्रॉइडमध्ये फोटो आणि फाइली ज्या मार्गानं दिसतात, त्यात बहुधा 'एम्युलेटेड' असा शब्द आणि त्यापुढं शून्य दिसेल. ते शून्य म्हणजे फोनचा पहिला वापरकर्ता. 2012 च्या अँड्रॉइड 4.2 पासून एका टॅब्लेटवर अनेक माणसांची वस्ती मान्य झाली आणि प्रत्येकाला आपापलं 'एसडीकार्ड' दिसू लागलं, मार्गाचं नाव तेच, आतली जागा वेगळी. फोनवर आज ज्यांनी दोन नंबरांसाठी दोन व्हॉट्सॲप चालू केलेत, त्यांच्यातल्या कित्येकांच्या फोननं त्या दुसऱ्या व्हॉट्सॲपसाठी असाच एक गुप्त दुसरा रहिवासी आत वसवलेला असतो. म्हणून दुसऱ्या नंबरावर आलेला सातबारा डाउनलोडमध्ये सापडत नाही, शोधणारा "आत्ता तर आला होता" म्हणतो, आणि सेवा केंद्रातला मुलगा त्याचा फोन हातात घेऊन नेमक्या दुसऱ्याच डाउनलोडमधून तो काढून देतो. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन आणि त्यांचे सहकारी रॉब पाइक यांनी बेल लॅब्जमध्ये प्लॅन 9 नावाची प्रणाली केली, तिथं तर याची कमाल होती: प्रत्येक चालत्या प्रोग्रॅमला नावांचं स्वतःचं जग. लिनक्सनं 2002 मध्ये त्यातला मोठा भाग उचलला, आणि आज ढगावर चालणाऱ्या पुष्कळ सेवा त्याच पायावर उभ्या आहेत; आत चालणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमला वाटतं की सगळं यंत्र आपलंच आहे. मालकीचा एवढा समाधानकारक भ्रम बिलोलीत अजून फक्त बांधाच्या दोन्ही बाजूंच्या भावांना परवडतो.

राहता राहिला तो सुरुवातीचा वाद. त्यावरचा तोडगा कार्यालयांनी आपापल्या परीनं काढलेलाच आहे. साहेबांच्या पडद्याच्या खालच्या कडेला एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली असते, तिच्यावर सर्व्हरचा पूर्ण पत्ता, दोन उलट्या तिरप्या रेषांसकट, निळ्या पेनानं लिहिलेला असतो. रेषा बहुतेक वेळा सुलट्या पडलेल्या असतात. तरी साहेब तो पत्ता टाकतात, फोल्डर उघडतं, कारण त्या जागी विंडोज रेषांच्या बाबतीत बरंच समजूतदार आहे. मग रोज एवढं टाइप करायचा कंटाळा येतो, म्हणून एका दुपारी त्याच फोल्डरला साहेब एक छोटंसं अक्षर लावून घेतात. झेड आधीच घेतलेला असल्यामुळं विंडोज वाय सुचवतं, आणि दुसऱ्या दिवशी साहेब बाहेरच्या टेबलाला ओरडून सांगतात की यादी वायमध्ये टाकलीय, लगेच बघून घ्या.